इंदुरात नाटकावर आक्षेप आला तर: परवानग्या, कलमं आणि प्रयोगाच्या रात्रीची तयारी

तिसरी घंटा

मध्य प्रदेशात नाटकाची संहिता कुठल्याही सरकारी मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागत नाही. हौशी गटांना हे ठाऊक नसतं, आणि बरीचशी कापाकापी तिथूनच सुरू होते. सभागृहाच्या कार्यालयात कुणीतरी सहज विचारतं, "नाटक पास आहे ना?" आणि गट घाबरून दोन प्रवेश काढून टाकतो. पास-नापास करणारं इथे कुणी नाही.

महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. ते १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांवर उभं आहे आणि तो कायदा इंदुरात चालत नाही. सिनेमाचं सेन्सॉर बोर्ड १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचं, त्याचा नाटकाशी संबंध नाही. राहिला इंग्रजांचा १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. कोलकात्याच्या ग्रेट नॅशनल थिएटरने युवराजाच्या भेटीवर प्रहसन केलं, त्या रागातून तो आला. 'इप्टा'ने (भारतीय जननाट्य संघाने) लखनौला १९५३ मध्ये प्रेमचंदांच्या 'ईदगाह'चं नाट्यरूप केलं त्या खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ साली तो घटनाबाह्य ठरवला, आणि संसदेने जानेवारी २०१८ मध्ये तो रद्दच केला.

तरी नाटकं थांबतात. थांबवणारे हात चार: सभागृहाचं कार्यालय, पोलीस प्रशासन, गुन्हा नोंदवणारा तक्रारदार आणि घाबरलेला आपलाच गट. या धाग्यावर यातल्या प्रत्येकाबद्दल नेमकी माहिती जमवू या. कोणत्या नाटकाची भूमिका बरोबर हा वाद दुसरीकडे घालावा. इथे प्रयोग कसा वाचवायचा एवढंच.

राजवाडा चौक

सभागृहापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक वेळा प्रयोग तिथेच अडतो आणि कागदावर त्याचा मागमूसही राहत नाही.

सभागृह सरकारी, विद्यापीठाचं किंवा नगर निगमचं आहे की खाजगी न्यासाचं, हे आधी बघा. सरकारी सभागृहाने आरक्षण मनमानीने रद्द केलं तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट याचिका करता येते. खाजगी सभागृहाशी तुमचा फक्त करार असतो, त्यामुळे भरपाई मिळेल, तारीख मिळेलच असं नाही. विषय तापणारा असेल तर मी सरकारी सभागृह सुचवीन, भाडं थोडं जास्त असलं तरी.

अर्ज व्यक्तीच्या नावाने करू नका. १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेली संस्था असेल तर तिच्या नावाने, पदाधिकाऱ्याच्या सहीने. नाटकाचं पूर्ण नाव, लेखक, दिग्दर्शक, प्रयोगाची वेळ आणि नेपथ्य-प्रकाशयोजनेच्या तयारीची वेळ, सगळं लिहा. नाव अर्धवट लिहिलं तर नंतर "आम्हाला दुसरंच नाटक सांगितलं होतं" असं म्हणायला जागा राहते. भाडं आणि अनामत चेकने किंवा ऑनलाइन भरा. रोखीची पावती हरवते, बँकेतली नोंद हरवत नाही.

आरक्षणाच्या फॉर्मवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक अट असते: कार्यक्रम 'आपत्तिजनक' म्हणजे आक्षेपार्ह वाटल्यास व्यवस्थापन तो रद्द करू शकतं. सही करण्याआधी त्या ओळीशेजारी पेनाने लिहा, 'रद्द केल्यास कारण लेखी द्यावे', आणि तिथे दोघांच्या आद्याक्षरी सह्या घ्या. नकार देतील तर निदान त्यांचा हेतू आधीच कळतो.

नकार बहुधा प्रयोगाच्या दिवशी दुपारी फोनवर येतो. लेखी काहीच नसतं. फोन ठेवल्या ठेवल्या ईमेल करा: "आज इतक्या वाजता अमुक पदावरील अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवर प्रयोग रद्द झाल्याचे कळवले. कारण व आदेशाची प्रत त्वरित द्यावी. तोवर आम्ही आरक्षण कायम समजतो." शेवटचं वाक्य गाळू नका. वकिलाने तातडीची सुनावणी मागितली की कोर्ट पहिला प्रश्न हाच करतं: आदेश कुठे आहे?

विंगकर

पोलिसांच्या कागदाबद्दल.

इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. पूर्वी ज्याला सगळे धारा १४४ म्हणायचे ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम १६३, आणि तसा आदेश इथे पोलीस आयुक्तांकडून निघतो. जुन्या सवयीने कलेक्टर कचेरीत आणि एसडीएमकडे फेऱ्या मारण्यात लोकांचे आठ-आठ दिवस जातात. असा आदेश जास्तीत जास्त दोन महिने टिकतो, पुढे राज्य सरकार सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. प्रयोगाच्या तारखेला कोणता आदेश चालू आहे तो मिळवून पूर्ण वाचा. त्यात 'आयोजनासाठी पूर्वपरवानगी' असे शब्द असतील तर रीतसर परवानगी घ्या. नसतील तर बंद सभागृहातल्या नाटकाची फक्त सूचना द्या. 'सूचनार्थ' आणि 'अनुमतीसाठी' या दोन शब्दांत फार अंतर आहे. परवानगी मागितली की ती नाकारता येते.

सूचनेचं पत्र हिंदीत, एका पानाचं. संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, नाटकाचं नाव, स्थळ, वेळ, अपेक्षित प्रेक्षकसंख्या, दोन जबाबदार माणसांचे फोन, आणि शेवटी बंदोबस्ताची विनंती. मूळ प्रत ठाण्यात टीआयच्या (ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकाच्या) नावाने, प्रतिलिपी एसीपी, डीसीपी आणि आयुक्त कार्यालयाला. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. दहा-बारा दिवस आधी द्या. पत्र आदल्या दिवशी दिलं तर 'पोलीसबळ नाही' म्हणून बंदोबस्त नाकारणं सोपं जातं.

आवाजाचंही बघून ठेवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद, पण बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालतो. बाहेरच्या फाटकाजवळ लावलेला स्पीकर मात्र १० ला बंद झालाच पाहिजे. वाद पेटला की असल्या बारीक गोष्टी शोधून काढतात. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवणार असाल तर त्याचा परवानाही फायलीत ठेवा.

लष्करकर

ग्वाल्हेरहून. विंगकर, पत्रासोबत संहिताही जोडावी असं माझं मत आहे. लपवाछपवी केल्यासारखं दिसत नाही, आणि टीआयने वाचली, काही बोलला नाही, तर पुढे तोच आपल्या बाजूचा पुरावा होतो. ठाण्यातला माणूसही माणूसच असतो, विश्वासात घेतलं तर मदत करतो.

अधिवक्ता

लष्करकर, विश्वासात घ्या, पण संहिता देऊ नका. मध्य प्रदेशात संहिता दाखल करण्याची सक्ती करणारा नियम नाही, आणि नसलेला नियम आपणच घालून दिला तर पुढच्या प्रत्येक गटाकडे ती मागितली जाते. दुसरं कारण अधिक व्यावहारिक आहे. ठाण्यात दिलेली प्रत तिथेच राहील याची खात्री नसते. तिच्यातलं बाविसावं पान संदर्भाशिवाय व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं की टीआयही काही करू शकत नाही. सहा-सात ओळींचा सारांश द्या. समक्ष भेटून विषय समजावून सांगा. फारच आग्रह झाला तर ठाण्यातच बसून वाचून दाखवायची तयारी दाखवा, प्रत सोडू नका.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे आकडे बदललेत.

धार्मिक भावना दुखावण्याचं जुनं २९५-अ आता २९९ झालं. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द आहेत, आणि रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगून ठेवलंय की नकळत किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान यात बसत नाही. दोन गटांत वैर पसरवण्याचं १५३-अ आता १९६. धार्मिक भावना दुखावण्यासाठी उच्चारलेल्या शब्दांचं २९८ आता ३०२. अश्लील कृत्य किंवा गाण्याचं २९४ आता २९६. सरकारी आदेश मोडण्याचं १८८ आता २२३.

२९९ आणि १९६ ची सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. त्यावरून तीन गोष्टी निघतात आणि त्या गटातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. पहिली, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली नोटीस द्यायची असते. दुसरी, तीन ते सात वर्षांमधल्या गुन्ह्यांत कलम १७३(३) प्रमाणे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवर जामनगरला गुन्हा दाखल झाला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला रद्द केला. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत अशी चौकशी आधी करणं योग्य, असं त्या निकालात आहे. तिसरी, या दोन्ही कलमांखाली कोर्टाला दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते, सुरक्षा संहितेचं कलम २१७.

जातीवर नाटक असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१)(v) वाचा. अनुसूचित जाती-जमातींना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात अटकपूर्व जामिनाची वाट अरुंद आहे. राष्ट्रध्वज कमरेखालच्या वेशभूषेचा भाग म्हणून वापरणं आणि संविधानाची प्रत जाळणं, दोन्ही १९७१ च्या कायद्याने गुन्हा. यात पळवाट शोधू नका, दिग्दर्शनातून दुसरा उपाय काढा.

पिंपळपान

अधिवक्ता, कलम ३५ चं महत्त्व इंदूरवाल्यांना वेगळं सांगायला नको. विनोदी कलाकार मुनव्वर फारुकीचं प्रकरण आपल्याच शहरातलं. १ जानेवारी २०२१ ला छप्पन दुकानच्या भागातल्या कॅफेत कार्यक्रम थांबवला, अटक झाली. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाने जामीन नाकारला, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, आणि आधार काय होता? अटकेची, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१ ची प्रक्रिया पाळलेली नव्हती. विनोद चांगला की वाईट हा मुद्दा तिथे आलाच नाही. एफआयआरमध्ये २९५-अ बरोबर १८८ आणि २६९ ही लावलेली होती, म्हणजे आदेशभंग आणि साथीच्या काळातला हलगर्जीपणा. कागद पूर्ण असेल तर निदान ही जोडकलमं गळून पडतात.

आणि त्या रात्री नेमकं काय बोललं गेलं यावरच सगळा वाद होता. संपूर्ण प्रयोगाचं आपलं स्वतःचं चित्रीकरण असणं किती गरजेचं आहे ते यातून कळावं.

तिसरी घंटा

चित्रीकरणाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे अधिकृत प्रत. कोर्टात हेतू ठरतो तो संपूर्ण संहितेवरून, एका वाक्यावरून नाही. म्हणून तालमीची शेवटची प्रत तयार झाली की तिची एक बांधीव प्रत करा. पानांना सलग क्रमांक. प्रत्येक पानावर लेखकाची किंवा त्याच्या प्रतिनिधीची आणि दिग्दर्शकाची सही. शेवटच्या पानावर तारीख. तालमीत बदललेलं वाक्य त्याच पानाच्या समासात लिहायचं, खाडाखोड करायची नाही, एक आडवी रेघ मारून शेजारी नवं वाक्य आणि तारीख. रंगमंच व्यवस्थापकाकडे याच प्रतीची झेरॉक्स असावी आणि प्रॉम्प्टिंग तिच्यावरूनच व्हावं.

गफलत होते ती नटाने आयत्या वेळी घातलेल्या वाक्याने. हशा येतो म्हणून चालू घडामोडींवर, एखाद्या नेत्यावर किंवा देवावर एक वाक्य टाकलं जातं. ते संहितेत नसतं, लेखकाची त्याला संमती नसते, आणि क्लिप होते ती नेमकी त्याचीच. बचाव करताना मग आख्खी संहिता बाजूला पडते. तापणाऱ्या विषयाच्या नाटकात पदरची वाक्यं पूर्ण बंद, हा नियम पहिल्या तालमीलाच घालावा आणि मोठ्या नटालाही तो लागू असावा.

दांडिया बाजार

बडोद्याहून दोन गोष्टी.

इंदूरकरांनी इथे दौरा काढताना 'आमच्याकडे लागत नाही' या भरवशावर येऊ नये. १ मे १९६० पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे १९५१ चा तोच पोलीस कायदा गुजरातने पुढे चालू ठेवला. सभागृह ठरवण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत चौकशी करा.

दुसरी गोष्ट, 'हा तर अंतर्गत प्रयोग आहे, परीक्षेचा आहे' ही ढाल समजू नका. २००७ च्या मे महिन्यात इथल्या विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून विद्यार्थ्याला अटक झाली आणि अधिष्ठात्यांना निलंबित केलं गेलं. पुण्यात २ फेब्रुवारी २०२४ ला ललित कला केंद्रातल्या विद्यार्थ्यांचा प्रयोग उधळला गेला, विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. नाटक रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या बोलण्यावर होतं. मुंबईच्या आयआयटीतल्या 'राहोवन' या नाटकाचा वाद तर प्रयोग झाल्यावर, फिरलेल्या क्लिपांमुळे पेटला आणि विद्यार्थ्यांना लाखाच्या घरात दंड झाला.

तिन्ही ठिकाणी प्रेक्षक मर्यादित होते. म्हणून प्रयोगाला येणाऱ्यांकडचे फोन हा प्रश्न लहान विद्यार्थी-प्रयोगातही सोडवावाच लागतो. बंदी घालून उपयोग होत नाही, कुणी ना कुणी काढतोच. पूर्ण प्रयोगाचं आपलं चित्रीकरण हाताशी असेल तर तीस सेकंदांच्या क्लिपला दहा मिनिटांचा संदर्भ त्याच रात्री देता येतो.

राजवाडा चौक

पोस्टरबद्दल लिहायचं राहिलं होतं. ज्ञापन, म्हणजे विरोधाचं लेखी निवेदन, द्यायला येणाऱ्यांनी संहिता बहुधा वाचलेली नसते. पोस्टर वाचलेलं असतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये छतरपूरला 'इप्टा'चा नाट्यमहोत्सव आक्षेपानंतर रद्द झाला. आक्षेप तेंडुलकरांच्या 'पाहिजे जातीचे'च्या हिंदी रूपावर, म्हणजे 'जात ही पूछो साधु की' वर. त्या नाटकात साधू कुठे आहे? महिपती बभ्रुवाहन नावाचा एमए झालेला बेकार पोरगा गावाकडच्या कॉलेजात नोकरीसाठी धडपडतो, त्याची ती गोष्ट. नाव कबिराच्या दोह्याला उलटवून घेतलेलं. नावातल्या एका शब्दावर महोत्सव गेला.

यावर नाव बदला असं मी म्हणणार नाही. नावाखाली एक ओळ छापा: 'बेकार पदवीधराच्या नोकरीची गोष्ट'. देवतेचं चित्र, संतांचं चित्र, ध्वज हे पोस्टरवर टाळा, कारण पोस्टर फाटतं, पायदळी येतं, आणि मग नाटकाशी संबंध नसलेला नवाच वाद उभा राहतो. ज्ञापन आलं तर ते घ्या, पावती द्या, दोन दिवसांत लेखी उत्तर द्या. उत्तरात नाटकाचा विषय सांगा आणि पाहायला यायचं आमंत्रण द्या. ज्ञापन घ्यायला नकार दिला की तो फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असतो.

पिंपळपान

प्रयोगाआधीच्या निवेदनावर इथे कुणीच बोललेलं नाही. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ ला आलं, १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच थांबवलं, पुढे थिएटर अकादमीने ते पुन्हा उभं केलं. १९८० च्या युरोप दौऱ्याआधी वाद कोर्टात गेला तेव्हा हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे असं निवेदन करण्याचं ठरलं आणि दौरा झाला. निवेदनाने नाटक वाचतं. मग आपण ते आधीच का करू नये?

अधिवक्ता

करावं, पण मोजकं. 'कुणाच्या भावना दुखावल्यास आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो' असं लांबलचक निवेदन केलं तर तक्रारदार म्हणतो, यांना आधीच माहीत होतं की भावना दुखावणार. म्हणजे 'जाणूनबुजून' हा शब्द तुम्हीच त्याच्या हातात दिलात. असं लिहा: "हे नाटक काल्पनिक आहे. पात्रांची मते ही त्या पात्रांची आहेत. नाटक दोन अंकी असून पूर्ण पाहावे ही विनंती." बस. तिकिटाच्या मागे छापा, फलकावर लावा, आणि तिसऱ्या घंटेआधी ध्वनिमुद्रित वाजवा म्हणजे दरवेळी शब्द तेच राहतील. ऐतिहासिक व्यक्ती असेल तर 'काल्पनिक' लिहू नका, ते खोटं ठरतं. तिथे 'ऐतिहासिक साधनांवर आधारित नाट्यरूप' म्हणा आणि साधनं फायलीत तयार ठेवा.

लष्करकर

आणि दबावाखाली दोन वाक्यं कापायचीच वेळ आली तर? संपूर्ण प्रयोग जाण्यापेक्षा दोन वाक्यं गेलेली परवडतात, असं आमच्याकडे बरेच जण म्हणतात.

तिसरी घंटा

ती वाक्यं दिग्दर्शकाच्या मालकीची नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे आपल्या लेखनाची मोडतोड झाली आणि त्याने प्रतिष्ठेला धक्का बसला तर लेखक हरकत घेऊ शकतो, हक्क विकलेले असले तरी. लेखकाला विचारा, त्याचं उत्तर लेखी घ्या. नाटक अनुवादित असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांची संमती. लेखक हयात नसेल तर वारसांची, कारण हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. हौशी संस्थेने विनातिकीट केलेल्या प्रयोगाला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती प्रयोग करण्याची सूट आहे, कापण्याची नाही.

कापलंच तर झाकू नका. 'गिधाडे'तल्या लुगड्यावरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली तेव्हा तो निळा केला गेला आणि प्रेक्षकांना तो लाल समजावा असं आधी सांगितलं जाई. काय काढायला लावलं ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी कमलाकर सारंगांनी तर उच्च न्यायालयात लढून बंदी उठवली. तो रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे, पण आज आपल्याला मिळणारं संरक्षण अशांच्याच खटल्यांतून आलंय.

महाराष्ट्रात प्रयोग करायचा असेल तर परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच, ते दौऱ्याच्या तारखा घेण्याआधी मिळवा, आणि मंजूर प्रतीत नसलेलं वाक्य तिथे बोलू नका. या पूर्वतपासणीलाच अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तामिळनाडूच्या १९५४ च्या तशाच कायद्यातल्या तरतुदी मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केल्या आहेत.

विंगकर

प्रयोगाच्या रात्रीचं सविस्तर लिहितो.

आसनक्रमांक असलेली तिकिटं असावीत, मोफत पास असले तरी. कोण कुठे बसलंय ते कळतं. प्रत्येक दारावर दोन कार्यकर्ते, रंगमंचाच्या दोन्ही बाजूच्या पायऱ्यांशी एकेक, आणि हे पाचसहा जण त्या रात्री नाटक बघणार नाहीत हे त्यांना आधी सांगायचं. गडबड होईल या भीतीने दारांना आतून कड्या घालतात, ते कधीही करू नका. धावपळ झाली तर माणसं दारात चिरडतात. आपत्कालीन दारं मोकळीच राहिली पाहिजेत, त्यांच्यासमोर नेपथ्याचे खोके रचलेले नकोत.

घोषणा सुरू झाल्या तर काय करायचं याची तालीम करा, जशी प्रवेशबदलाची करतो तशीच. ठरलेला इशारा एकच माणूस देतो, रंगमंच व्यवस्थापक. इशारा झाला की पार्श्वसंगीत पूर्ण बंद, नट दोन्ही विंगांत, मुख्य पडदा खाली, प्रेक्षागृहाचे दिवे निम्म्यावर. अंधार करायचा नाही, अंधारात घबराट दुप्पट होते. मग पडद्यामागच्या वेगळ्या माइकवरून घोषणा: "प्रयोग दहा मिनिटं थांबवत आहोत. कृपया आपापल्या जागी बसून राहावं." नटांनी रंगमंचावरून उत्तर द्यायचं नाही, वेशभूषेत तर मुळीच नाही. त्याच वेळी एकाने ११२ ला फोन करायचा, दुसऱ्याने बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला गाठायचं. तो प्रयोग बंद करा म्हणाला तर शांतपणे विचारायचं: कोणत्या आदेशाने, आणि तो लेखी मिळेल का?

इथे रंगराजन खटला उपयोगी पडतो. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की विरोध करणाऱ्यांच्या धमकीपुढे हात टेकून सरकारला अभिव्यक्ती रोखता येत नाही, संरक्षण देणं हे त्याचं कर्तव्य आहे. २०१९ मध्ये 'भोबिष्योतेर भूत' या बंगाली चित्रपटाच्या प्रकरणात पश्चिम बंगाल सरकारला याच कारणाने २० लाखांची भरपाई द्यावी लागली. दोन्ही निकालांचा सारांश अर्ध्या पानात छापून खिशात ठेवा. अधिकाऱ्याशी हुज्जत घालायला नाही, त्याने वरिष्ठांना फोन लावला तर वाचून दाखवायला.

कॅमेरा नियंत्रण कक्षाशेजारी तिपाईवर, रंगमंच आणि पुढच्या काही रांगा एकाच चौकटीत येतील असा. पहिल्या घंटेच्या आधी सुरू, सभागृह रिकामं होईपर्यंत बंद नाही. कार्ड त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून घ्या.

देवादिकांच्या किंवा संतांच्या वेशातला नट त्या वेशात चहाच्या टपरीवर जाता कामा नये. प्रयोग सुरू होण्याआधीच फोटो निघतो आणि त्यावरच आक्षेप येतो. मेकअप रूमच्या दाराशी एक माणूस, आत फोन नाहीत. निघताना कलाकार एकेकटे जाणार नाहीत, मागच्या दाराशी गाडी चालकासह उभी. इंदुरात ऑक्टोबर २०१६ मध्ये 'इप्टा'च्या राष्ट्रीय अधिवेशनात लोक थेट मंचावर चढले होते, त्यामुळे पायऱ्यांवरची माणसं कमी करू नका.

दांडिया बाजार

प्रयोगानंतर वीस मिनिटांची चर्चा ठेवण्याबद्दल काय मत? मला ती फार उपयोगाची वाटते. ज्याला आक्षेप आहे त्याला बोलायला जागा मिळते, आणि तो शेवटपर्यंत बसतो.

विंगकर

ठेवा, तिकिटावर आधी छापून ठेवा म्हणजे मध्येच उठणाऱ्याला "शेवटी बोला" असं सांगता येतं. प्रश्न चिठ्ठीवर, नावासह. सूत्रसंचालन दिग्दर्शकाकडे देऊ नका, तो दुखावलेला असतो. दोन आक्षेपाच्या चिठ्ठ्या पूर्ण वाचा, गाळून वाचू नका. त्या चिठ्ठ्या आणि त्यांची उत्तरं फायलीत जातात.

अधिवक्ता

एक पुरवणी. प्रयोग थांबलाच तर तिकिटाचे पैसे परत की पुढच्या प्रयोगाला प्रवेश, हे तिकिटावर आधीच लिहा, नाहीतर ग्राहक म्हणून आपलाच प्रेक्षक तक्रार करू शकतो. आणि थांबलेल्या प्रयोगाची नवी तारीख दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहाकडे मागा. अर्जात जुना आरक्षण क्रमांक, थांबल्याची वेळ आणि पोलिसांना दिलेल्या सूचनेचा आवक क्रमांक लिहा. अर्जाला उत्तर आलं नाही तर सात दिवसांनी स्मरणपत्र, त्यानंतर याचिका. मधे महिने गेले तर कोर्ट विचारतं, इतके दिवस काय करत होतात?

राजवाडा चौक

सूचनेच्या हिंदी पत्राचा आणि रद्द झाल्यानंतरच्या ईमेलचा मसुदा तयार करून या धाग्यात डकवतो. ग्वाल्हेरला आयुक्तालय नाही, त्यामुळे लष्करकर, तुमच्यासाठी प्रतिलिपीच्या ओळीत कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक असा बदल करून वेगळी प्रत टाकतो.